क्रॅस

क्रॅस हा इंग्लंडमधला पंक बँड, १९७७ साली सुरू झाला आणि १९८४ मध्ये थांबला, म्हणजे सगळी मिळून सात वर्षं. एवढ्या काळात त्यांनी पोलीस, खासदार, चर्चवाले, रेकॉर्ड कंपन्या आणि खुद्द पंकवाले असे सगळेच अंगावर घेतले. अनार्को-पंक, म्हणजे अराजकवादी राजकारण मांडणारं पंक संगीत, म्हणून जो प्रकार पुढे जगभर पसरला त्याची सुरुवात बहुतेक लोक यांच्यापासूनच धरतात. राजकारणावर गाणी तेव्हा बऱ्याच जणांनी केली, पण गाण्यात जे बोलतो तेच रेकॉर्डच्या किमतीत, कव्हरमध्ये, राहण्यात आणि पैशाच्या व्यवहारात पण पाळायचं, हे इतक्या हट्टाने क्रॅसइतकं कोणीच केलं नाही, आणि त्यांच्यावरचे निम्मे वाद तरी या हट्टातूनच आलेत.

सुरुवात एका घरातून झाली. लंडनच्या बाहेर एसेक्समध्ये, एपिंगच्या जंगलापासून जवळ, शेतांच्या मधे डायल हाउस नावाचं जुनं घर आहे. पुढे क्रॅसचा ड्रमर झालेला पेनी रिम्बो तिथे १९६७ पासून राहत होता, सोबत चित्रकार जी व्हाउचर. दार सगळ्यांना उघडं, कोणीही यावं, राहावं, बागेत काम करावं. रिम्बोचा मित्र वॉली होप हा इंग्लंडमधल्या स्टोनहेंजच्या प्राचीन दगडांपाशी भरणाऱ्या फुकट फेस्टिव्हलच्या मागचा मुख्य माणूस, त्याला १९७५ मध्ये ड्रग्ज बाळगल्याच्या गुन्ह्यात पकडून मनोरुग्णालयात टाकलं आणि बाहेर आल्यावर थोड्याच दिवसांत तो गेला. सरकारी यंत्रणेनेच त्याचा बळी घेतला असं रिम्बो पुढे कायम म्हणत राहिला. क्रॅसच्या गाण्यांतला राग कुठून येतो हे कळायला ही गोष्ट माहीत असायलाच हवी, नाहीतर तो नुसता आरडाओरडा वाटतो.

बँडचा गायक स्टीव्ह इग्नोरंट हा वयाने रिम्बोपेक्षा १४ वर्षांनी लहान, डॅगनमच्या कामगार वस्तीतला पोरगा. द क्लॅश या पंक बँडचा शो बघून आला तो स्वतःचा बँड काढायचाच हे डोक्यात घेऊन, आणि डायल हाउसवर आल्यावर रिम्बो म्हणाला मी ड्रम वाजवतो. दोघांनी सुरू केलं, मग एकेक जण जोडला गेला: गायिका ईव्ह लिबर्टिन आणि जॉय द विव्ह्र, गिटारवर फिल फ्री आणि अँडी पामर, बेसवर पीट राइट. मिक डफील्ड स्टेजमागे फिल्म दाखवायचा, आणि सदर्न स्टुडिओवाला साउंड इंजिनिअर जॉन लोडर यालाही बँडमधलाच धरायचे. सुरुवातीला लंडनच्या रॉक्सी क्लबमध्ये दारू पिऊन चढले आणि पार फज्जा उडाला, त्यानंतर ठरवलं की हे गंभीरपणे करायचं. तेव्हापासून सगळे काळ्या कपड्यांत, मागे बॅनर, कडेला टीव्हीवर युद्धाची दृश्यं. कोणी एकजण स्टार दिसू नये हाच काळ्या कपड्यांमागचा विचार, पण लोकांना ते मिलिटरीसारखं वाटलं. डेव्ह किंगने काढलेल्या त्यांच्या गोल चिन्हात क्रॉस आणि साप आहे, लांबून बघितलं तर स्वस्तिकासारखं दिसतं, त्यामुळे फॅसिस्ट असल्याचा आरोप पण झाला. खरं तर सत्तेची सगळी चिन्हं एकात एक गुंतवून ती स्वतःलाच खातायत असं ते चित्र आहे.

पहिल्या रेकॉर्डचीच भानगड बघा. १९७८ ची 'द फीडिंग ऑफ द ५०००', बारा इंची रेकॉर्ड, स्मॉल वंडर कंपनीने काढली. नावातला आकडा येशूने पाच हजार लोकांना जेवू घातल्याच्या बायबलमधल्या गोष्टीवरून आहेच, पण कमीत कमी तेवढ्या प्रती काढाव्या लागायच्या म्हणूनही तो होता. त्यातला पहिला ट्रॅक येशूवर होता, एका बाईच्या आवाजात, भयंकर तिखट. आयर्लंडमधल्या प्रेसिंग कारखान्यातल्या कामगारांनी ही ईश्वरनिंदा आहे, आम्ही छापणार नाही असं सांगितलं. मग बँडने तो ट्रॅक काढला आणि तेवढी जागा रिकामी ठेवून तिला नाव दिलं 'द साउंड ऑफ फ्री स्पीच'. म्हणजे सुई ठेवायची आणि सुरुवातीला दोन मिनिटं नुसती शांतता ऐकायची. मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या कामातली ही सगळ्यात नेमकी गोष्ट आहे, कारण त्यात एकही शब्द नाही आणि तरी काय झालं ते पूर्ण कळतं.

यातून धडा घेऊन त्यांनी स्वतःचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी काढली, क्रॅस रेकॉर्ड्स. तोच ट्रॅक १९७९ मध्ये 'रिॲलिटी असायलम' नावाने वेगळा काढला, किंमत ४५ पेन्स, इतकी कमी की विकून तोटाच व्हायचा. पोलीस घरी चौकशीला येऊन गेले पण खटला काही झाला नाही. पुढच्या रेकॉर्डवर मात्र कव्हरवरच छापायला लागले की यापेक्षा जास्त पैसे देऊ नका, म्हणजे दुकानदाराला भाव वाढवायची सोयच नाही. कव्हर उलगडलं की घडीघडीने मोठं पोस्टर व्हायचं, काळं-पांढरं, जी व्हाउचरने इतकं बारकाईने रंगवलेलं की फोटो कापून चिकटवलेत असं वाटतं आणि जवळून बघितलं की ब्रशचं काम आहे हे कळतं. कॅटलॉग नंबर पण उलटी मोजणी करणारे: १९७९ चा ५२१९८४, १९८१ चा ३२१९८४, १९८३ चा १२१९८४. मधला २ म्हणजे इंग्रजीतला 'टू', म्हणजे १९८४ ला पाच वर्षं, तीन वर्षं, एक वर्ष बाकी. थांबायचं साल आधीच रेकॉर्डवर छापलेलं होतं.

स्टेजवर शांततावाद सांगायचे पण त्यांच्याच शोमध्ये मारामाऱ्या व्हायच्या. सप्टेंबर १९७९ मध्ये लंडनच्या कॉनवे हॉलमध्ये ब्रिटिश मूव्हमेंट या संघटनेचे नाझी स्किनहेड (डोकं भादरलेली पोरं) आणि त्यांना हुसकवायला आलेले डावे यांच्यात जोरदार राडा झाला. दोन्ही बाजूंची हिंसा सारखीच असं क्रॅसने म्हटल्यावर डावे पण चिडले, आणि तो राग मला समजू शकतो, कारण मार खाणाऱ्यांना असं तत्त्वज्ञान ऐकवणं सोपं नसतं. पंकच्या पेपरांत गॅरी बुशेलसारखे पत्रकार यांना खेड्यात राहणारे म्हातारे हिप्पी म्हणून झोडपायचे. क्रॅसने 'पंक इज डेड' गायलं होतं, तर एक्सप्लॉइटेड या दुसऱ्या पंक बँडने 'पंक्स नॉट डेड' नावाचा अल्बमच काढला.

१९८१ चा 'पीनस एन्व्ही' हा त्यांचा सगळ्यात भारी अल्बम असं माझं ठाम मत आहे. स्टीव्ह यात गातच नाही, सगळं ईव्ह आणि जॉयच्या आवाजात, विषय लग्न, सौंदर्य, बाईच्या शरीराची मालकी. त्यातलं शेवटचं गाणं 'अवर वेडिंग' मुद्दाम गोडगोड केलेलं, ते त्यांनी वेगळ्याच कंपनीचं नाव लावून 'लव्हिंग' नावाच्या मुलींच्या रोमँटिक मासिकाला दिलं आणि मासिकाने ते वाचकांना फुकट फ्लेक्सी, म्हणजे पातळ प्लास्टिकची रेकॉर्ड, म्हणून वाटलं! नंतर कळल्यावर पेपरांत बोंबाबोंब झाली. याच अल्बमच्या प्रती पोलिसांनी दुकानातून जप्त केल्या, अश्लीलतेचा खटला चालला, अपिलात बाकी सगळं सुटलं आणि फक्त 'बाटा मोटेल' हे एक गाणं अश्लील ठरलं. स्त्रीच्या शोषणाविरुद्ध लिहिलेलं गाणं अश्लील म्हणून पकडलं गेलं, हे आजही वाचताना चीड येते.

मग १९८२ चं फॉकलंड युद्ध. एप्रिल ते जून, ब्रिटनचे २५५ आणि अर्जेंटिनाचे ६४९ सैनिक गेले. क्रॅस तेव्हा 'क्राइस्ट द अल्बम'वर जवळजवळ वर्षभर काम करत बसले होते, आणि अल्बम बाहेर यायच्या आत युद्ध सुरू होऊन संपलं पण. हा धक्का त्यांना फार बसला, यापुढे तत्काळ बोलायचं असं ठरलं. त्याच वर्षी सिंगल आली, एक हजार मेलेल्यांची आई असणं कसं वाटतं, असा थेट पंतप्रधान मार्गारेट थॅचरना प्रश्न. देश विजयाच्या जल्लोषात असताना हे काढायला हिंमत लागते. पंतप्रधानांनी ही रेकॉर्ड ऐकली का असं संसदेत विचारलं गेलं, टिम एगार या हुजूर पक्षाच्या खासदाराने खटला भरा अशी मागणी केली, तो रेडिओवर त्यांच्याशी वाद घालायला पण आला आणि त्याची चांगलीच अडचण झाली. खटला झाला नाही.

त्यानंतर थॅचरगेट. थॅचर आणि अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या भाषणांतले तुकडे कापून जोडून त्यांनी दोघांचं फोनवरचं खोटं संभाषण बनवलं. टेप जोडायचं मुख्य काम पीट राइटचं, तेही रेझर ब्लेडने, कॉम्प्युटर वगैरे काही नाही. फॉकलंड युद्धात बुडालेली ब्रिटनची शेफील्ड ही युद्धनौका मुद्दाम बुडू दिली असं त्यात सुचवलेलं. टेप निनावी पाठवली, १९८३ मध्ये ती बाहेर आल्यावर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ठपका रशियाच्या केजीबीवर ठेवला, आणि जानेवारी १९८४ मध्ये 'ऑब्झर्व्हर' या ब्रिटिश पेपरच्या पत्रकाराने माग काढत काढत एसेक्सच्या त्या घराचं दार वाजवलं. लोकांना फसवणारी टेप बनवणं बरोबर होतं का, यावर आजही त्यांच्या चाहत्यांत एकमत नाही. मला स्वतःला ती पटत नाही, सत्य सांगायला खोट्याची गरज या बँडला नव्हती.

शेवटचा शो ७ जुलै १९८४, वेल्समधल्या ॲबरडेअरला, संपावर गेलेल्या खाणकामगारांच्या मदतीसाठी. परतताना अँडी पामरने सांगितलं की मी सोडतोय, आणि बँड संपला. लेबल थोडं पुढे चाललं, गायिका ब्योर्क ज्यात गायची त्या आइसलँडच्या कुक्ल बँडच्या रेकॉर्ड याच लेबलवर आल्या. २०१० च्या सुमारास जुने अल्बम नव्याने साफ करून काढायचं निघालं तेव्हा त्यावरून जुन्या सोबत्यांमध्येच जोरदार भांडण झालं, सगळ्यांनी मिळून निर्णय घ्यायची जुनी पद्धत होती ना, ती आता कोणी मोडली यावरून. डायल हाउस २००१ मध्ये लिलावात निघालं होतं, बिल्डर टपलेलेच होते, पण रिम्बो आणि व्हाउचर यांनी कर्ज काढून ते विकत घेतलं आणि दार पूर्वीसारखंच उघडं ठेवलं.