हॅमस्टरचा गाल आणि उंदराची जीभ: तोंडाच्या कर्करोगाचे दोन प्रयोग

'या वनस्पतीने प्राण्यांमधला तोंडाचा कर्करोग रोखला' असा मेसेज यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत फार लवकर फिरतो. पानठेल्यावर पन्नीत खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) घोटत असतानाच कुणीतरी तो वाचून दाखवतो. पण प्राणी कोणता, आणि त्याला कर्करोग कसा झाला? प्रयोगशाळेत तो रसायन देऊन घडवावा लागतो. त्याच्या दोन रीती नेहमी वापरल्या जातात आणि बाहेर त्या एकच समजल्या जातात.

पहिली हॅमस्टरची. दाणे साठवायला त्याच्या गालात खोल पिशवी असते, ती चिमट्याने अलगद बाहेर उलटता येते. सॅली या संशोधकाने १९५४ मध्ये तिच्यावर डीएमबीए हे कर्करोग घडवणारं रसायन लावून कर्करोग घडवून दाखवला. आजही ०.५ टक्के द्रावण आठवड्यातून तीनदा ब्रशने लावतात आणि साधारण तीन-चार महिन्यांत गाठी दिसतात. प्राणी न मारता त्या मोजता येतात, ही मोठी सोय. खर्रा आपण गालातच धरतो, म्हणून हे आपल्याच आजाराचं चित्र वाटतं. पण माणसाला अशी पिशवी नाही. शिवाय तिथून लसिका (पेशींभोवतीचा, ग्रंथींकडे वाहणारा द्रव) नीट वाहत नाही, त्यामुळे मानेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत पसरणारा रोग इथे नीट अभ्यासता येत नाही.

दुसरी रीत उंदरांची. ४एनक्यूओ हे रसायन पिण्याच्या पाण्यात देतात. ते उजेडात टिकत नाही, म्हणून बाटली झाकलेली असते. लहान जातीच्या उंदरांना बहुधा सोळा आठवडे हे पाणी, मग साधं. जिभेवर आणि अन्ननलिकेत आधी पेशी बिघडतात, मग कर्करोग होतो. मधल्या पायऱ्या नीट पाहता येतात. डीएनएला होणारी इजाही तंबाखूने होते तशीच असते. मला ही रीत माणसाच्या जास्त जवळची वाटते, जरी खर्रा खाणाऱ्यांचा रोग बरेचदा जिभेऐवजी गालफडात सुरू होतो.

सुपारी मात्र या दोन्हींत नाही. तोंड उघडेनासं होतं ते मुख्यतः सुपारीमुळे, आणि तंबाखू नसली तरी ती कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नोंदवलं आहे.

आता त्या वनस्पतीकडे. डीएमबीए शरीरातल्या एन्झाइमनी बदलल्यावरच घातक होतं. अर्क पहिल्या दिवसापासून सोबत दिला, तर तो कदाचित हा बदलच अडवतो. झालेली गाठ विरघळवत नाही. ४एनक्यूओचं पाणी थांबवल्यावर औषध सुरू केलं असेल, तर तो पुरावा जरा जास्त वजनाचा. म्हणून औषध कधी सुरू केलं, हे आधी विचारा. गाठ झालेल्या माणसाचं ऑपरेशन किंवा शेक (रेडिएशन) थांबवून काढा सुरू करावा, इतका आधार यातल्या एकाही प्रयोगात नाही.