लॉन लावण्याआधी एकदा पहार मारून बघा

“लॉनसाठी गवत कुठलं चांगलं?” नर्सरीत येणारा प्रत्येकजण आधी हेच विचारतो. आम्ही उलट विचारतो, खाली काय आहे? मुंबईत लॉन मरतं ते बहुतेक वेळा गवतामुळे नाही, खालच्या भरावामुळे. आमच्याकडे गवताच्या तयार लाद्या विकायला आहेत, पण जमीन न बघता लाद्या टाकून द्यायचं काम आम्ही घेत नाही.

मुलुंडच्या एका रो-हाऊसचं मागचं अंगण सांगतो. जागा साधारण ३०० चौरस फूट. तीन वर्षांत दोनदा लॉन लावून झालं होतं. दोन्ही वेळा पावसाळ्यात हिरवंगार आणि मार्च आला की टक्कल. पहार मारली तर चार इंचांवर ठण्ण. उकरलं तेव्हा फरशीचे तुकडे, प्लास्टरची ढेकळं, घट्ट झालेली सिमेंटची दोन पोती आणि पाइपाचे तुकडे निघाले. बांधकामाचं राबिट सपाट करून वर लाल मातीचा हात फिरवलेला. पाऊस पडतोय तोवर गवत वरच्या पाण्यावर जगतं. पाऊस थांबला की मुळांना खाली जायला वाटच नाही.

म्हणून आधी तुम्हीच एक दिवस द्या. अंगणात दोन-तीन जागी फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, ते मुरू द्या आणि परत भरा. दुसऱ्या वेळी तासाला इंचभर तरी पाणी उतरलं तर निचरा ठीक. सकाळी भरलेलं संध्याकाळी तसंच असेल तर जुलैत तिथे तळं होणार. खड्ड्यातली कोरडी माती बशीत घेऊन वर चमचाभर व्हिनेगर टाका. फसफसली तर तिच्यात चुना आहे, आणि आपल्याकडे तो बहुधा सिमेंट-प्लास्टरमधून आलेला असतो.

चुन्याने मातीचा सामू (pH) चढतो. मग लोह मातीत असूनही गवताला घेता येत नाही. पातं पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक घाबरून युरिया टाकतात, आणि गवत पिवळं ते पिवळंच. अशा वेळी हिराकस (फेरस सल्फेट) लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम विरघळवून पानांवर फवारा, उन्हं उतरल्यावर. शेजारी कोटा किंवा पांढरी लादी असेल तर आधी झाकून घ्या. हिराकसाचे तांबूस डाग निघता निघत नाहीत. एका ग्राहकांच्या व्हरांड्याची फरशी आम्ही स्वतःच अशी रंगवून ठेवली होती, म्हणून एवढं आवर्जून सांगतोय. पण फवारणी ही मलमपट्टी. खरा इलाज म्हणजे राबिट बाहेर काढणं.

किती काढायचं? निदान आठ इंच. ३०० चौरस फुटांना आठ इंच म्हणजे २०० घनफूट, दोन ब्रास माल. त्यात तीन इंचांच्या वरचे तुकडे वेचून फेकायचे, बारीक खडी थोडी राहिली तरी चालते. परत भरताना दीड ब्रास चाळलेली लाल माती आणि वर इंचभर थर होईल एवढं जुनं, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, सगळं एकत्र खालीवर करून. तळाशी फावड्याने ओरखडे पाडा, नाहीतर जुन्या-नव्या मातीच्या सांध्यावर पाणी अडतं. नुसती लाल माती नको, खताशिवाय ती पहिल्या उन्हाळ्यात विटेसारखी होते. चिकणमातीत घमेलंभर रेती मिसळून ती भुसभुशीत होत नाही, उलट आवळते. तिला सेंद्रिय खतच लागतं. समुद्राची वाळू तर फुकट मिळाली तरी नको.

गोराई, चारकोप किंवा खाडीलगतच्या भरावावर दुखणं वेगळं. एप्रिलमध्ये मातीवर पांढरा पापुद्रा धरला, की समजा क्षार वर आले. इथे बोअरचं पाणी लॉनला घालण्याआधी तपासून घ्या. मुंबईच्या पावसात क्षार धुऊन खाली जातात, पण निचरा असेल तरच. सगळे जिप्सम टाकायला सांगतात. ते चोपण, म्हणजे सोडियम साचलेल्या जमिनीत कामाचं, नुसत्या खारटपणावर त्याचा उपयोग नाही. माती तपासून घेतल्याशिवाय आम्ही ते विकत नाही.

खोदाई एप्रिल-मेमध्ये. ओल्या चिकणमातीत फावडं घातलं की तिचे गोळे होतात आणि वर्षभर सुटत नाहीत, वाफसा आल्यावर, म्हणजे जास्तीची ओल उतरल्यावरच हात लावा. लाद्या जूनच्या पहिल्या सरींवर किंवा गणपतीनंतर. जुलैत आम्ही नाहीच म्हणतो, एका रात्रीत माती वाहून जाते आणि लाद्या तरंगतात.

आता गवत. उघड्यावर, दिवसभर ऊन असेल तर सिलेक्शन वन. मुलं खेळतात, चालणं-फिरणं आहे, तिथे हेच. मेक्सिकन दिसायला मऊ गालिचा, पण हळू वाढतं, उंचवटे धरतं आणि खिशालाही जड. बंगल्याच्या सावलीत बफेलो ग्रास थोडं तग धरतं. चार तासही ऊन नसेल तर लॉनचा हट्ट सोडा. तिथे मोंडो ग्रास लावा, आमचा धंदा बुडाला तरी चालेल.

पहिले पंधरा दिवस पाऊस नसेल तेव्हा दोन वेळा पाणी, पुढे आठवड्यातून दोन-तीनदा पण खोलवर. पाणी सकाळी घाला, रात्रभर ओलं राहिलेलं गवत बुरशी धरतं. कापताना उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कधीच नाही. नागरमोथा वरून उपटू नका, खाली गाठ राहते आणि एकाचे चार होतात. खुरप्याने गाठीसकट काढा. साळुंक्या रोज सकाळी एकाच जागी गवत उकरू लागल्या तर तिथे खुरपं घालून बघा, बहुधा मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या सापडतील.

एक शेवटचं, खास भाद्रपदासाठी. शेतकऱ्याची हरळी, गणपतीची दुर्वा आणि आमचं सिलेक्शन वन, सगळं एकाच वंशातलं. त्यामुळे शेजारच्या काकू लॉनमधल्या दुर्वा मागायला येणारच. मेक्सिकन असेल तर नम्रपणे सांगा, ती दुर्वा नव्हे. आणि औषध फवारलं असेल तर त्यांना आधी सांगा. किंवा एक कोपरा फवाऱ्याशिवाय राखून ठेवा.