कार्बाइन, शिकारी

दाट झाडीतल्या हरणाच्या शिकारीसाठी वापरली जाणारी आखूड नळीची, हलकी रायफल. नळी ४१ ते ५१ सेंमी. (१६ ते २० इंच), एकूण लांबी मीटरभर किंवा थोडी कमी आणि रिकाम्या बंदुकीचे वजन २.७ ते ३.२ किग्रॅ. अशी ढोबळ व्याप्ती धरता येते. झाडीत सावज बहुधा शंभर मीटरांच्या आतच दिसते आणि दिसते तेही काही क्षण. त्यामुळे लांब पल्ल्यापेक्षा बंदूक चटकन खांद्याला लागणे महत्त्वाचे ठरते.

नावाच्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. फ्रेंच ‘काराबीन’ हा शब्द ‘काराबँ’ या सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील हलक्या घोडेस्वारांच्या नावावरून आला, इथवर वाद नाही. खुद्द ‘काराबँ’ कुठून आला, याची मात्र तीन उत्तरे दिली जातात. इटलीतील कालाब्रिया प्रांताशी त्याचा संबंध जोडणारे मत जुने आहे. ध्वनिसाम्य सोडले तर त्याला फारसा आधार नाही. दुसऱ्या मतानुसार मध्ययुगीन दगडफेकी यंत्राचे ‘कालाब्र’ हे नाव पुढे बंदुकीकडे आले. जुन्या शस्त्राचे नाव नव्याला चिकटल्याची इतर उदाहरणे आहेत, हे या मताच्या बाजूने सांगता येते. तिसरे मत शेणकिड्यावाचक ‘स्काराबे’पासून निघालेल्या ‘एस्काराबँ’ या शब्दाकडे बोट दाखवते. प्लेगने मेलेल्यांना पुरणाऱ्यांना तो लावत. फ्रेंच बोलीत वैद्यकाच्या विद्यार्थ्याला आजही ‘काराबँ’ म्हणतात, हे ध्यानात घेता तिसरे मत अधिक संभाव्य वाटते. हिंदी-उर्दूतील ‘कराबीन’ याच कुळातला.

घोडदळाची ही बंदूक शिकाऱ्याच्या हाती प्रामुख्याने अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी आखलेली विंचेस्टर १८९४ ही तरफेवर चालणारी रायफल सुरुवातीला काळ्या दारूच्या काडतुसांसाठी विकली गेली. धूरविरहित दारूचे .३०-३० (सुमारे ०.३० इंच व्यासाच्या गोळीचे) काडतूस १८९५ मध्ये आले आणि पुढे या जोडीला ‘हरणाची रायफल’ हेच नाव पडल्यासारखे झाले. तिच्या ५१ सेंमी. नळीच्या कार्बाइनचे वजन सुमारे ३ किग्रॅ. असून तोल नेमका तरफेच्या पुढे, चपट्या पेटीपाशी (काडतूस भरण्या-उडवण्याची यंत्रणा असलेल्या भागापाशी) येतो. तिथे मूठ आवळली की बंदूक एका हातात काठीसारखी राहते आणि दुसरा हात फांद्या बाजूला करायला मोकळा. पेटीला खाली लोंबणारे मॅगझिन (काडतुसे साठवण्याचा कप्पा) नाही, म्हणून हे जमते. नळीखालच्या नळकांड्यात काडतुसे एकामागे एक बसतात. मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बुडाच्या भागावर टेकते. टोकदार गोळी धक्क्याने टोपी पेटवील, या भीतीपोटी या रायफलींत मुख्यतः चपट्या किंवा बोथट टोकाच्या गोळ्या वापरत आले. सॅव्हेज १८९९ मध्ये फिरत्या मॅगझिनने ही अडचण टाळली. युरोपात मानलिखर-शोनाउअर १९०३ ची कार्बाइनही फिरत्या मॅगझिनचीच. तिची नळी ४५ सेंमी. आणि लाकडी दस्ता थेट नळीच्या तोंडापर्यंत. पुढच्या बोल्ट-रायफलींपैकी (हाताने दांडा मागेपुढे सरकवून काडतूस भरायच्या) रेमिंग्टन ६०० (१९६४) आणि मॉडेल सेव्हन (१९८३) यांची मूळची नळी ४७ सेंमी. होती.

जड, बोथट, संथ गोळी डहाळ्या फोडत सरळ जाते, हा समज जुना आणि चिवट आहे. चाचण्यांनी त्याला बळ दिलेले नाही. डहाळीला गोळी बहुधा बरोबर मध्यावर लागत नाही, बाजूने घासते. त्याने तिचे तोंड कलते, फिरकीने आलेले स्थैर्य ढळते आणि ती वाट सोडते. जड गोळी तुलनेने कमी ढळते असे काही लेखक मानतात. परंतु काडतुसापेक्षा डहाळी आणि सावज यांतील अंतर अधिक निर्णायक दिसते. डहाळी सावजाला लागून असेल तर चूक बोटा-दोन बोटांची. वीस मीटर अलीकडे असेल तर गोळी कुठे जाईल याचा भरवसा नाही. म्हणजे आखूड रायफलीचा खरा लाभ गोळीत नसून हाताळणीत आहे, आणि मोकळी फट मिळेपर्यंत थांबण्याला पर्याय नाही.

हलकेपणाची किंमत खांद्याला मोजावी लागते. काडतूस तेच ठेवून वजन ३.६ वरून २.७ किग्रॅ. वर आणले, तर धक्क्याची ऊर्जा सुमारे एकतृतीयांशाने वाढते. नळी इंचभर कमी केली की वेग सेकंदाला साधारण ६ ते ८ मीटरने उतरतो. झाडीतल्या अंतरावर हे चालून जाते. कानाशी होणारा आवाज मात्र वाढतो. दुर्बीण कमी वर्धनाची, एक ते चारपट, पुरते. २० मिमी. भिंगाची दुर्बीण दुप्पट वर्धनाला १० मिमी. रुंदीचा प्रकाशझोत डोळ्याला देते, चौपटीला ५ मिमी. पहाटेच्या अंधुक उजेडात हा फरक जाणवतो. जुन्या विंचेस्टरमधून रिकामे काडतूस वरच्या बाजूने उडे, त्यामुळे दुर्बीण मधोमध बसत नसे. मार्लिन ३३६ (१९४८) मध्ये ते बाजूने निघते. पण पेटीवर दुर्बीण चढवली की वर सांगितलेली एका हाताची पकड गेलीच. पावसात भिंग धुरकटते तेव्हा रुंद छिद्राची मागची साइट आणि जाड माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरण्याचा दाणा) बरी.

लांबीला कायद्याचीही मर्यादा असते. अमेरिकेच्या १९३४ च्या संघीय कायद्यात रायफलीच्या नळीसाठी १८ इंचांची किमान मर्यादा होती, ती १९६० मध्ये १६ वर आली. काडतुसाचे निकष देशोदेशी वेगळे आहेत. इंग्लंडचा १९९१ चा हरीण कायदा मोठ्या हरणांसाठी नळीच्या तोंडाशी १,७०० फूट-पौंड (सुमारे २,३०५ जूल) ऊर्जा मागतो. जर्मनीत रो या लहान युरोपीय हरणासाठी १०० मीटरवर १,००० जूल, तर त्याहून मोठ्या खुरी सावजासाठी किमान ६.५ मिमी. व्यास आणि २,००० जूल लागतात. .३०-३० च्या ११ ग्रॅमच्या गोळीचा छापील वेग सेकंदाला सुमारे ६७० मी. आहे. त्यावरून ती इंग्लंडच्या निकषात बसते. जर्मनीत रो हरणासाठी चालते, लाल हरणासाठी नाही. शिवाय कारखाने हा वेग बहुधा २४ इंची नळीतून मोजतात; कार्बाइनमधून तो आणखी कमी भरतो.