डब्यामुळे टळलेला खर्च आणि खरोखर साठलेला पैसा: फरक समजून घ्या

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत काटकसर कोणाला शिकवावी लागत नाही. रामबाग असो, लोकमान्यनगर असो की सुदामानगर, ऑफिसला डबा जातो, रात्रीच्या पोळीचा सकाळी कुस्करा होतो, उरलेल्या भाताला फोडणी मिळते, दुधाच्या बंदीचा, म्हणजे रतीबाचा, हिशोब कॅलेंडरच्या चौकटीत लिहिला जातो, एक दिवस अर्धा लिटर कमी घेतलं तर तेही लिहिलं जातं, आणि तरी पंचवीस तारीख आली की घरोघरी तोच प्रश्न, अहो एवढं सगळं करतो मग पैसे जातात कुठे? मला वाटतं इथे दोन गोष्टींची गल्लत होते. एक टळलेला खर्च, दुसरी साठलेला पैसा. पहिली स्वयंपाकघरात होते, दुसरी बँकेत नाहीतर पोस्टात, आणि पहिली झाली की दुसरी आपोआप झाली असं आपण धरून चालतो. आपोआप काही होत नाही.

आधी डब्याचंच बघू. समजा विजयनगरला ऑफिस आहे आणि बाहेर थाळी १२० रुपयांची. आपण लगेच हिशोब करतो, १२० गुणिले २२ दिवस, २६४० वाचले! पण डबा फुकट थोडाच येतो. चार पोळ्यांना साधारण सव्वाशे ग्रॅम कणीक लागते, मग भाजी, फोडणीचं तेल, थोडी उसळ किंवा घट्ट वरण, कधी दही, वर गॅस, हे सगळं मिळून ४० रुपये धरा, गवार-भेंडी महाग झाली की ५० सुद्धा होतात. म्हणजे खरा टळलेला खर्च दिवसाला ८०, महिन्याचा १७६०. आता याच माणसाने चार वाजता खाली टपरीवर चहा आणि कचोरी घेतली, ३० रुपये, रोज, तर ६६० तिथे गेले आणि राहिले ११००. पण डोक्यात २६४० च असतात ना, आणि त्या २६४० च्या भरवशावर रविवारी मुलांना छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत नेलं जातं, एखाद्या रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात भुट्ट्याचा कीस, थंडी असली तर गराडू, आणि वाटतं की महिनाभर डबा नेलाय की, एवढं तर चालतं. चालतं, मी खाण्यावर बोलतच नाहीये, इंदूरमध्ये राहून सराफ्याला जायचं नाही असं मी कोणाला कधीच सांगणार नाही. फक्त ज्या पैशांवर आपण खाल्लं ते ११०० होते आणि आपण धरले होते २६४०, हे कळलेलं बरं.

आणि समजा कचोरीही सोडली, पूर्ण १७६० टळले. ते आहेत कुठे? सॅलरी अकाउंटमध्येच आहेत, पण बाकीच्या पैशांत मिसळून. त्यांच्यावर नाव नाही, तारीख नाही. युपीआय आल्यापासून तर नोट मोडताना जो एक क्षण हात थांबायचा तोही गेला, फोन दाखवला की पैसे गेले, आणि खात्यात शिल्लक दिसतेय तोवर माणूस थांबत नाही, कोणीच थांबत नाही, त्यात चारित्र्याचा प्रश्न नाहीये. टळलेला खर्च म्हणजे पैसा फक्त एका दारातून गेला नाही एवढंच, बाकीची दारं उघडीच असतात.

साठलेला पैसा वेगळा ओळखू येतो. त्याला जागा असते, तारीख असते, आणि काढायचा म्हटलं तर थोडा त्रास होतो, तो त्रासच कामाचा आहे. माझी मामी डब्यातल्या डब्यात हेच करायची, पोह्यांच्या डब्याच्या तळाशी कागद, कागदाखाली नोटा, आणि भाजी स्वस्त मिळाली की उरलेले दहा-वीस त्याच दिवशी त्या कागदाखाली. संध्याकाळपर्यंत पर्समध्ये ठेवायची नाही. त्याच दिवशी, हा भाग महत्त्वाचा आहे. आज नोटा नाहीत तर तेच काम खात्यातून करायचं, पगाराच्या दुसऱ्या दिवशी ऑटो-डेबिट लावून रिकरिंग डिपॉझिटमध्ये, म्हणजे दरमहा ठरलेला हप्ता भरायच्या आरडीत. पोस्टाची आरडी १०० रुपये महिन्यापासून सुरू होते, पाच वर्षांची असते, म्हणजे ६० हप्ते. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तिचा दर ६.७ टक्के झाला, त्या दराने महिन्याला १००० टाकले तर भरलेले ६०,००० पाच वर्षांनी ७१ हजारांच्या वर जातात. डब्यातून टळलेल्या १७६० पैकी निव्वळ १००० पहिल्या आठवड्यात तिकडे वळवले तर ते साठले, बाकी ७६० खुशाल खा. आणि वळवले नाहीत तर पाच वर्षं इमानदारीने डबा नेऊनही हातात काही दाखवता येणार नाही. ज्याने वळवले आणि ज्याने नाही, दोघांचा डबा सारखाच, दोघांची भेंडीही सारखीच.

आता याच गल्लतीची उलटी बाजू, जी मला जास्त खटकते. काही गोष्टी खर्चासारख्या दिसतात पण त्यात बचत असते, आणि काही बचतीसारख्या दिसतात पण तो चक्क खर्च असतो.

पहिल्याचं उदाहरण वर्षाचे गहू. मार्च-एप्रिलमध्ये माळव्यातला नवा गहू छावणीच्या मंडीत येतो, लोकवन असो की शरबती, आणि चार माणसांच्या घरात तीन-साडेतीन क्विंटल एकदम भरायचे म्हणजे त्या महिन्यात पार कंबरडं मोडतं. नवीन लग्न झालेली मंडळी म्हणतात कशाला, दर महिन्याला आट्याचं पाकीट आणू. पण किलोमागे पाचच रुपयांचा फरक धरला तरी ३५० किलोला १७५० होतात, आणि पाकिटाच्या आट्याशी तुलना केली तर फरक बहुतेक त्याहून जास्तच निघतो, दळणाचे पैसे मोजून सुद्धा. मात्र हा फायदा गहू टिकला तरच. कडक ऊन दाखवून, पूर्ण गार होऊ देऊन मग कोठीत भरायचे, एरंडेल चोळायचं किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला थरांमध्ये घालायचा, आणि पावसाळ्यात ओल्या हाताने कोठीत हात घालायचा नाही. गरम गरम भरले की आत वाफ धरते, दमट झालं की सोंडे होतात, आणि मग निवडण्यात आणि टाकण्यात सगळी बचत गेली. फ्लॅटमध्ये जागा नसेल, ऊन दाखवायला गच्ची नसेल, तर तीन-तीन महिन्यांचे भरा, उगाच आजीच्या काळातलं म्हणून वर्षाचे भरायचा हट्ट नको.

दुसऱ्याचं उदाहरण डिस्काउंट. "४०० रुपये वाचले" असं बिलाच्या खाली छापून येतं आणि आपणही घरी येऊन तसंच सांगतो. ते ४०० कुठून मोजले? एमआरपीवरून. एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किंमत, त्याच्या वर विकता येत नाही एवढंच, त्याच्या खाली कोणीही विकू शकतो आणि विकतोच, सियागंजमध्ये होलसेलच्या दुकानात विचारून बघा. जी वस्तू यादीत नव्हती ती अर्ध्या किमतीत आणली तर अर्धी किंमत खर्च झाली, वाचलं काहीच नाही. जी यादीत होती तिच्यासाठी पाकिटावर बारीक अक्षरात ग्राममागे किंवा किलोमागे किंमत छापलेली असते ती वाचायची, मोठं पाकीट दर वेळी स्वस्त पडतंच असं नाही, आणि ऑफरवाल्या पाकिटाचं वजन कधी कधी हळूच कमी झालेलं असतं.

मग टळलेला खर्च कमी दर्जाचा का? अजिबात नाही, आणि हे नीट सांगायला हवं कारण हल्ली गुंतवणुकीवर बोलणारे लोक डब्याच्या ८० रुपयांना हसतात. ज्या घरात पगार बावीस तारखेला संपतो आणि शेवटचा आठवडा किराण्याच्या उधारीवर निघतो, तिथे टळलेला खर्च हाच पूर्ण फायदा आहे, त्यातून साठायची गरजच नाही, उधारी झाली नाही हेच मोठं. तसंच ज्याच्यावर क्रेडिट कार्डाची थकबाकी आहे त्याने डब्याचे पैसे आरडीत टाकूच नयेत. कार्डाचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्के लागतं आणि आरडी वर्षाला ६.७ देते, तेव्हा मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कमच, भरत राहून बाजूला आरडी चालवणं म्हणजे नुकसानच. आधी कार्ड साफ, मग साठवण. गॅस, वीज, पाणी यांचंही तसंच, तिथे टळणं हेच काम असतं.

विजेत तर आपल्या मध्य प्रदेशात एक गंमतशीर जागा आहे. अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटपर्यंत असेल तर पहिले १०० युनिट १०० रुपयांत मिळतात, वरच्यांना नेहमीचा दर. १५० च्या पुढे गेलं की ती सवलतच जाते. म्हणजे ज्याचं मीटर १६० वर येतं त्याने दहाबारा युनिट कमी केले तर त्याला त्या युनिटांपेक्षा कितीतरी जास्त पैसे सुटतात, आणि ज्याचं ३०० येतं त्याने तेवढेच युनिट कमी केले तर फक्त तेवढ्याचेच. जुना पंखा ७५ वॉटचा, कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा साधारण ३० वॉटचा, दिवसाला दहा तास चालला तर महिन्याला एका पंख्यामागे साडेतेरा युनिटचा फरक, तेव्हा काठावरच्या घराने आधी जास्त चालणारा एक पंखा बदलावा. गॅसचं मात्र दिसत नाही, कारण सिलिंडर कधी संपेल याची तारीख नसते. १४.२ किलोची टाकी लावली की त्यावर खडूने तारीख घाला. डाळ भिजवून, कुकरमध्ये वरण-भात-बटाटे एकावर एक लावून ३० दिवसांची टाकी ३६ दिवस गेली तर वर्षाला बाराच्या जागी दहा टाक्या. आता हे दोन टाक्यांचे पैसे साठवायचे असतील तर तेही त्याच दिवशी बाजूला काढावे लागतात, नाहीतर तेही मिसळले.

शेवटचा मुद्दा माझ्या मनाच्या सगळ्यात जवळचा आहे. डब्यातून टळलेला खर्च कोणाच्या खात्यात राहतो? ज्याचा पगार त्याच्या. आणि तो डबा करतं कोण? बहुतेक घरांत साडेपाचला उठणारी बाई. ती कणीक मळते, भाजी चिरते, ऑफिसचा डबा, मुलांचा डबा, शिवाय सासऱ्यांना मऊ पोळी वेगळी, आणि वर डबा अर्धा परत आला तर ती भाजी दुपारी तीच खाते. डब्याच्या ४० रुपयांत तिच्या वेळेचा एक पैसा धरलेला नाही, मी वर हिशोब केला त्यातही नाही. म्हणून आमच्या ओळखीच्या एका घरात जे ठरलं ते मला फार पटलं. दादा ऑफिसला डबा नेतो, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला डब्याचे म्हणून १५०० रुपये वहिनीच्या नावाच्या आरडीत जातात, घरखर्चाच्या पैशांत न मिसळता. त्याने महिन्यातून दोनदा बाहेर खाल्लं तरी हप्ता तोच. वहिनीने पहिल्यांदा विचारलं, "अहो, पण हे माझे कसे?" तर सासूबाईच म्हणाल्या, "डबा तू करतेस ना, मग तुझेच."

तुम्हीही हे करणार असाल तर खातं बायकोच्या किंवा आईच्या नावानेच उघडा, जॉइंट नको, पासबुक तिच्याकडे राहू द्या. हप्ता एवढाच ठेवा की ओढाताणीच्या महिन्यातही चुकणार नाही, चुकला तर पोस्टात थोडा दंड लागतो. बारा हप्ते नीट भरले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, त्यामुळे अडीनडीला खातं मोडावं लागत नाही. तीन वर्षांनंतर बंद करता येतं पण मग व्याज साध्या बचत खात्याचं मिळतं, म्हणून शक्यतो पाच वर्षं पूर्ण करा. पुढे आणखी पाच वर्षं वाढवून घ्यायचं असेल तर त्याचा अर्ज पोस्टात वेगळा द्यावा लागतो, तेव्हा मुदत संपायची तारीख आत्ताच कॅलेंडरवर नाहीतर फोनमध्ये टाकून ठेवा.