झिनियाचा शेंडा खुडताना

रोप वीतभर झालेलं, पानांच्या तीन-चार जोड्या फुटलेल्या. शेंड्यात पहिली कळी येऊ घातलेली. नेमक्या याच वेळी झिनियाचा शेंडा खुडायचा असतो. नवख्या माणसाचा हात इथे अडखळतो, आणि ते अगदी स्वाभाविक आहे. तरीही खुडाच.

वाढत्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते खोडातून खाली उतरतं आणि पानांच्या बगलेतल्या डोळ्यांना, म्हणजे फांदी फुटणाऱ्या कोंबांना, वाढू देत नाही. पानांच्या जोडीच्या जरा वर शेंडा तोडला की ही अडवणूक संपते. शेंड्याकडे जाणारी साखर या डोळ्यांच्या वाट्याला येते आणि थोड्याच दिवसांत एका दांड्याच्या जागी दोन फांद्या दिसतात. पहिलं फूल थोडं लांबतं, पण पुढे फुलंच फुलं येतात.

झिनिया मूळची मेक्सिकोकडची. नाव मात्र जर्मनीतल्या गोटिंगेनचे शरीररचना आणि वनस्पतींचे अभ्यासक योहान त्सिन यांचं (1727–1759). आपल्या डोळ्यातलं भिंग जागेवर धरून ठेवणारे तंतूही त्यांच्याच नावाने ओळखले जातात. अवघं 31 वर्षांचं आयुष्य, आणि केवढं काम!

एकेरी, म्हणजे कडेला पाकळ्यांचा एकच फेरा असलेल्या झिनियाचं फूल जवळून बघा. कडेची एक पाकळी हळूच उपटली तर तिच्या बुडाशी दोन टोकांचा इवलासा स्त्रीकेसर दिसेल. म्हणजे ती नुसती पाकळी नाही, ते अख्खं मादी फूल आहे. मधल्या भागातल्या पिवळ्या चांदण्या हीसुद्धा स्वतंत्र फुलंच. त्या बाहेरून आत, फेऱ्याफेऱ्याने उमलतात, म्हणून एकच फूल कितीतरी दिवस टिकल्यासारखं वाटतं.

झिनियाचं आयुष्य एका हंगामाचं. बी धरलं की रोपाची ताकद तिकडे जाते. त्यामुळे सुकलेली फुलं दांड्यासकट, खालच्या पानांच्या जोडीपर्यंत कापत राहा.

बाकी मागण्या थोड्याच. बी थेट जागेवर पेरा, कारण मुळांना हलवाहलव सोसत नाही. उबदार मातीत आठवडाभरात उगवतं. निदान सहा तास ऊन आणि पाण्याचा निचरा हवा. मोठ्या जातींच्या दोन रोपांत फूटभर अंतर ठेवाच. खरा शत्रू भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणारी बुरशी. तिला पान ओलं असण्याचीही गरज नसते, दमट कोंदट हवा पुरते. पाणी मात्र बुंध्याशीच घाला, कारण भिजलेल्या पानांवर ठिपक्यांचे रोग पसरतात.

कोंदटपणाचा त्रास अंतराळातही चुकला नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातल्या झिनियावर जास्तीच्या ओलाव्याने बुरशी चढली होती. पंख्याचा वारा वाढवला, अंतराळवीर स्कॉट केली यांनी रोपं निगुतीने सांभाळली आणि जानेवारी 2016 मध्ये तिथे नारिंगी फूल उमललं.

हंगाम सरत आला की काही फुलं झाडावरच वाळू द्या. कडेची वाळकी पाकळी ओढली की तिच्या टोकाला चिकटलेलं चपटं बी हातात येतं. संकरित जातीचं असेल तर पुढच्या वर्षी वेगळाच रंग निघू शकतो. मला तर तेही बघायला आवडतं.