मूठभर तांदळापासून अनुदानापर्यंत

गोव्यात प्राथमिक शाळेच्या माध्यमाचा वाद पुन्हा पुन्हा पेटतो, तो निव्वळ भाषाभिमानापोटी, असे बाहेरच्या माणसाला वाटते. परंतु शाळा कोणी काढली आणि तिचा खर्च कोणी सोसला, हे पाहिल्याखेरीज त्याचा उलगडा होत नाही.

तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या जुन्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या मुलुखांत, मुले पहिल्यांदा बसली ती चर्चच्या शाळेत. तेथे प्रार्थनेच्या जोडीला स्वरलेखन आणि व्हायोलिनही शिकवले जाई. पुढे मुंबईच्या वाद्यवृंदांत गोमंतकीय वादक एवढे का दिसले, याचे मूळ येथेच आहे. १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने कोकणी सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागण्याचे फर्मान काढले. स्वयंपाकघरांनी ते मानले नाही. १८५४ मध्ये पणजीत लिसेंव, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक विद्यालय, उघडले, पण खेड्यातल्या कुळाच्या पोराला त्याचा काय उपयोग?

फोंडा, पेडणे, डिचोली अशा नव्या, म्हणजे नंतर जिंकलेल्या, काबिजादींत शाळा म्हणजे शेणवीमामा, मराठी शिकवणारे पंतोजी. सधन घराच्या ओसरीवर ते धुळाक्षरे गिरवून घेत, पाढे घोकून घेत, मोडी वाचायला लावत. ओसरीवर मुले मात्र बहुधा भाटकारांची (जमीनदारांची) आणि व्यापाऱ्यांची असत. बहुजनांची पोरे गुरांमागे राहिली, ही गोष्ट मराठीच्या गौरवगाथांतून सहसा सुटते.

१९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि हिंदूंना उघडपणे संस्था काढण्यास वाव मिळाला. १९११ मध्ये फोंड्यात दादा वैद्य प्रभृतींच्या पुढाकाराने गोवा विद्याप्रसारक मंडळ स्थापन झाले. पणजीतील मुष्टिफंड या शिक्षणसंस्थेच्या नावातच त्याचे भांडवल दिसते: घराघरांतून बाजूला काढलेले मूठ मूठ तांदूळ. ज्या शाळेसाठी आजीने तांदूळ काढून ठेवले, तिच्या माध्यमाविषयी नातू तटस्थ राहील कसा?

मुक्तीनंतर, १९६३ मध्ये, भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले आणि वाड्यावाड्यांवर मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. बहुजनांच्या मुलांना पाटी खऱ्या अर्थाने तेव्हाच मिळाली. ख्रिस्ती समाज याच काळात पोर्तुगीजकडून इंग्रजीकडे वळला. १९८७ मध्ये कोकणी राजभाषा झाली, मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद झाली. १९९० मध्ये प्राथमिक अनुदान प्रादेशिक भाषांपुरते ठेवण्यात आले, तेव्हा चर्चशी संलग्न बहुतेक शाळांनी कोकणी स्वीकारली. २०११ मध्ये इंग्रजी शाळांनाही अनुदान देण्याचे ठरताच भाषाप्रेमी रस्त्यावर उतरले. भाऊसाहेबांच्या काळातल्या कित्येक शाळांना मात्र दरम्यान पटसंख्येअभावी कुलूप लागले होते.