अणुसुरक्षेत करिअर करायचंय? मेरी क्युरी शिष्यवृत्तीच्या अर्जाची तयारी अशी करा

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट-६० हे किरणोत्सर्गी द्रव्य उघड्यावर आलं. एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत १९८५ पासून वापराविना पडून असलेलं गॅमा किरणांचं यंत्र लिलावात भंगाराच्या भावात गेलं, दुकानात ते फोडलं गेलं आणि एका कामगाराचा जीव गेला. चोरी झाली नव्हती, कुणाचा कटही नव्हता. आत काय आहे याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता, एवढंच.

हा हिशेब ठेवणं, साठ्याची राखण, वाहतुकीतला बंदोबस्त, संगणक प्रणालींचं संरक्षण, तस्करीचा शोध, त्यामागचे कायदे हे सगळं मिळून अणुसुरक्षा होते. या कामाला शिकलेली तरुण माणसं हवी आहेत आणि मुलींसाठी तिथे जायचा एक चांगला रस्ता आहे: आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची, म्हणजे आयएईएची, मेरी स्क्लोदोव्स्का-क्युरी शिष्यवृत्ती.

ती २०२० मध्ये सुरू झाली. पदव्युत्तर शिक्षणासाठी दरवर्षी फीपोटी १० हजार युरोपर्यंत आणि राहण्या-जेवणासाठी आणखी १० हजार युरोपर्यंत मदत मिळते, जास्तीत जास्त दोन वर्षं. त्यानंतर १२ महिन्यांपर्यंतची इंटर्नशिप मिळण्याचीही सोय आहे. घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलीसाठी ही रक्कम किती मोठी आहे, हे वेगळं सांगायला नको.

पात्रता

अर्जदार महिला हवी आणि आयएईएच्या सदस्य देशाची नागरिक हवी. भारत १९५७ पासून सदस्य आहे. अणुक्षेत्राशी संबंधित मास्टर्सला प्रवेश मिळालेला हवा किंवा शिक्षण चालू हवं. पीएचडीसाठी ही योजना नाही. आधीच्या शिक्षणात सरासरी ७५ टक्के किंवा त्याच्या तोडीची श्रेणी लागते. विषय फक्त अणुअभियांत्रिकी आणि भौतिकशास्त्र एवढेच नाहीत. अणुसुरक्षा, अण्वस्त्रप्रसारबंदी आणि अणुकायदा हेही त्यात येतात. म्हणून कायदा किंवा आंतरराष्ट्रीय संबंध शिकलेल्या मुलींनी ‘हे आपलं नाही’ म्हणून पान उलटू नये.

कागदपत्रं

पासपोर्टची प्रत, पदवी आणि गुणपत्रिका, प्रवेशाचं पत्र, इंग्रजी येत असल्याचा पुरावा, बायोडेटा, दोन शिफारसपत्रं आणि स्वतः लिहिलेला निबंध. यादी छोटी दिसते, पण आपल्याकडच्या मुली नावापाशी अडकतात.

आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव आणि बऱ्याचदा शेवटी आईचं नाव असतं. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर पासपोर्ट नव्या आडनावाने काढला असेल, तर परदेशातल्या तपासणाऱ्याला त्या दोन वेगळ्या बाया वाटतात. माझ्या ओळखीच्या एका मुलीचे ऐन शेवटच्या आठवड्यातले चार दिवस यातच गेले. तुम्ही आधीच दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. फरक असेल तर प्रतिज्ञापत्र, विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद जोडा.

दुसरी अडचण गुणांची. आपल्या विद्यापीठांत सीजीपीए दहापैकी असतो. त्याचे टक्के स्वतःच्या मनाने काढू नका. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून रूपांतराचं पत्र घ्या. ट्रान्सक्रिप्टला, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या सगळ्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याला, कधीकधी महिना लागतो, म्हणून तो अर्ज सगळ्यात आधी टाका.

शिफारस कुणाची घ्यावी? मोठ्या हुद्द्यापेक्षा तुमचं काम पाहिलेले सर किंवा मॅडम बरे. ‘हुशार आणि मेहनती आहे’ या ओळीने काही साधत नाही. ‘हिने प्रयोगशाळेतल्या किरणोत्सर्गी स्रोतांची नोंदवही नव्याने लावली’ या ओळीने साधतं.

निबंध

इथे एक फरक पक्का करा. यंत्र बिघडून किंवा चुकून अपघात होऊ नये, ती सुरक्षितता. कुणी मुद्दाम चोरी, घातपात किंवा गैरवापर करू नये, ती सुरक्षा. मराठीत आपण दोन्हींना एकच शब्द वापरून जातो आणि निबंधातही तीच गल्लत उतरते. कारखान्यात वेल्डिंगचे जोड तपासायला इरिडियम-१९२ या किरणोत्सर्गी द्रव्याचा कॅमेरा नेतात, तो एका माणसाला उचलता येतो. त्याचं शिसं किंवा युरेनियमचं आवरण कामगाराला किरणांपासून वाचवतं, ही सुरक्षितता. तो रात्री कुठल्या खोलीत, कुणाच्या किल्लीखाली राहतो, हा सुरक्षेचा प्रश्न. असं तुम्ही स्वतः पाहिलेलं एखादं उदाहरण लिहा.

अर्ज

सगळा ऑनलाइन. आधी आयएईएच्या ‘न्यूक्लिअस’ प्रणालीवर खातं उघडायचं, मग ‘इनटच प्लस’वर माहिती भरून कागद चढवायचे. अलीकडच्या वर्षांत अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घेतले गेले आहेत. त्या वर्षीची तारीख आयएईएच्या अधिकृत पानावरच पाहा.

मुलांसाठी आणि नोकरीत असलेल्यांसाठीही वाटा आहेत. इटलीत त्रिएस्तेला आयसीटीपी हे तिथलं आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र केंद्र आणि आयएईए मिळून तरुण व्यावसायिकांसाठी अणुसुरक्षेची शाळा भरवतात. अभियंत्यांना ‘गेट’ परीक्षेच्या गुणांवर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण शाळेत मुलाखतीला जाता येतं. तिथली पात्रता आणि वयाची अट त्या-त्या जाहिरातीत नीट वाचून घ्या.